शिव्या देणारा पेशंट

“आजचा पेशंट गाडीत घेतल्यापासून उतरवेपर्यंत शिव्या देत होता,” ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर टपरीवाल्याला सांगत होता. “मला दिल्या, मॅडमना दिल्या, सुपरवायझरला दिल्या, स्पीडब्रेकरला पण दिल्या.”

“मग वाचतोय म्हणायचं,” टपरीवाला चहा गाळत म्हणाला.

“वाचतोय म्हणजे? शिव्या देणारा पेशंट एक नंबर! श्वास मोकळा, मेंदू जागेवर आणि आई-बहिणीची आठवण शाबूत.”

मला चहा पिता पिता ठसका लागला, इतकं हसू आलं. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं त्या कामगाराचा हात त्याच सकाळी मशीनमध्ये सापडला होता, हे मला पाच मिनिटांनी कळलं. तोवर माझं हसून झालं होतं.

मी हसलो ते चुकलं का? हा लेख या प्रश्नाबद्दल आहे. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधीच्या एका हसण्याबद्दल आहे. ते हसणं माझं नव्हतं आणि मी ते चार वर्षं माफ केलं नव्हतं.

*

माझं ऑफिस पावणे एमआयडीसीत आहे. नवी मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो : ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्यापर्यंत टीटीसी औद्योगिक पट्टा पसरलाय. दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे अशी त्यातली गावं. एका प्लॉटवर काचेची आयटी बिल्डिंग, शेजारच्या प्लॉटवर रसायनांचे पिंप, त्याच्या पलीकडे रबर नाहीतर इंजिनीअरिंगचं वर्कशॉप. आम्ही एसीत बसून कोड लिहितो आणि खिडकीखालून दिवसभर टँकर जातात. 2022 च्या मे महिन्यात पावण्यात एका रसायनांच्या कंपनीला मोठी आग लागली, तेव्हा शेजारी काय काय साठवलेलं असतं याची आमच्यासारख्यांना पहिल्यांदा नीट जाणीव झाली. एरवी हे दोन्ही पट्टे एकमेकांना भेटतात ते फक्त टपरीवर.

ॲम्ब्युलन्सवाल्यांशी माझी ओळख तिथलीच. एक ड्रायव्हर, त्यांना त्यांच्या धंद्यात ‘पायलट’ म्हणतात. मी त्यांना दादा म्हणतो. आणि एक डॉक्टर, लातूरकडच्या, बीएएमएस झालेल्या. त्यांना सगळेच मॅडम म्हणतात. मला ते दोघं ‘इंजिनीअरसाहेब’ म्हणतात, त्यात आदर किती आणि टिंगल किती हे मी अजून मोजलेलं नाही.

ओळख वाढली ती एका अंधश्रद्धेवरून. एका दुपारी मी सहज म्हणालो, “आज शांत दिसतंय.” दादांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लग्नाच्या मांडवात शिंकलो. ड्युटीवर असताना ‘शांत आहे’ म्हणायचं नाही! जगभरच्या ॲम्ब्युलन्समध्ये आणि कॅज्युअल्टीत हा अलिखित नियम आहे. मी म्हटलं, अहो, आमच्यातही आहे. मी ऑन-कॉल असतो तेव्हा रात्री अकराला कुणी ग्रुपवर ‘ऑल क्वाएट’ टाकलं, तर त्याला सगळे मिळून झोडपतात.

मग लक्षात आलं की आमची अर्धी भाषा त्यांच्याकडून उचललेली आहे. सर्व्हर पडला की ‘इन्सिडेंट’. कोणता बिघाड आधी बघायचा हे ठरवणं म्हणजे ‘ट्रायाज’. सगळं निस्तरल्यावर जो अहवाल लिहायचा त्याला आम्ही चक्क ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतो. युनिक्समध्ये तर ‘किल’ आहे, ‘ऑर्फन’ आहे, ‘झोंबी’ आहे. लोकलमध्ये फोनवर मी एकदा मोठ्यानं म्हणालो होतो, “आधी सगळी चाइल्ड मार, मग पेरेंटला मार.” समोरच्या बाईंनी मुलाला जवळ ओढून घेतलं होतं.

आमच्या भाषेत मरतो तो सर्व्हर. मॅडमच्या भाषेत मरतं ते माणूस. शब्द तेच आहेत. म्हणून आमचा विनोद निरागस आणि त्यांचा क्रूर, असं म्हणता येईल का? चार वर्षं मी तसंच म्हणत होतो.

*

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. याच पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत त्यांनी तीस वर्षं काढली. एका सकाळी बाथरूमच्या दारात कोसळले. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो. ॲम्ब्युलन्स आली. एक पोरगेला माणूस गुडघ्यावर बसला आणि छाती दाबू लागला. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. हे आकडे मला नंतर कळले. तेव्हा एवढंच दिसत होतं की आप्पांचं शरीर लादीवर हलतंय. काकू त्यांचे पाय धरून बसल्या होत्या. तो माणूस जिन्यात थांबला तेवढाच, गाडीत पुन्हा सुरू झाला, हॉस्पिटलच्या दारापर्यंत दाबत राहिला. आत गेल्यावर काही मिनिटांत डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली.

मी फोन करायला बाहेर आलो. तीच ॲम्ब्युलन्स उभी होती. मागचं दार उघडं. तो माणूस आणि ड्रायव्हर स्ट्रेचर पुसत होते. ड्रायव्हर काहीतरी बोलला आणि दोघं हसले. हळू नाही, खदाखदा.

मला त्यातला एकही शब्द ऐकू आला नव्हता. पण त्या हसण्याचा राग मी जपून ठेवला. आणि त्या माणसानं शेवटपर्यंत थांबता केलेला प्रयत्न नाही, याची कृतज्ञताही जपून ठेवली. राग हसण्यावर, कृतज्ञता छाती दाबण्यावर. हिशेब स्वच्छ होता.

टपरीनं तो बिघडवला.

*

त्या दिवशी मॅडम आणि दादांमध्ये वाद चालला होता. त्यांच्यात तो नवा नव्हता. पेशंट स्पष्टपणे गेलेला आहे. अंग गार पडलंय, ताठरलंय. घरचे रडतायत, ‘काहीतरी करा’ म्हणतायत. अशा वेळी काय करायचं? खरं सांगून हात बाजूला घ्यायचे, की घरच्यांसाठी दहा मिनिटं छाती दाबायची?

दादांचं म्हणणं, दाबायची. “मॅडम, त्यांना आयुष्यभर वाटत राहतं हो, की प्रयत्नच झाला नाही. आणि आपण नुसते उभे राहिलो तर जमाव आपल्यालाच धुणार.”

मॅडमचं म्हणणं, ते नाटक आहे. मेलेल्या माणसाच्या फासळ्या मोडायच्या आणि घरच्यांना खोटी आशा दाखवायची. शिवाय तेवढा वेळ गाडी अडकते. तेव्हाच दुसरीकडे कुणी खरोखर वाचण्यासारखा असेल तर? “आपण डॉक्टर आहोत, दशावतारातले सोंगाडे नाही.”

हा वाद जगभर आहे. इंग्रजीत अशा दिखाऊ प्रयत्नांना वेगळी नावंही आहेत आणि वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी त्यावर दोन्ही बाजूंनी लिहिलंय. पण मला तेव्हा अभ्यासक आठवत नव्हते. बाथरूमच्या दारातली लादी आठवत होती. आप्पा कधी पडले ते कुणी पाहिलं नव्हतं. काकूंना जाग आली तेव्हा ते पडलेले होते. रक्तपुरवठा थांबला की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. आमच्याकडे गाडी पोचेपर्यंतच त्याहून जास्त वेळ गेला होता. त्यातून जिन्यात आणि हलत्या गाडीत दाब नीट बसत नाही, म्हणून जिथं पेशंट पडलाय तिथंच नीट करावं, असं हल्ली शिकवतात. मग तो माणूस जिन्यातून, गाडीतून दाबत का राहिला?

मी मॅडमना सगळं सांगितलं आणि विचारलं, “ते आमच्यासाठी होतं का?”

त्यांनी पटकन उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, “मी तिथं नव्हते. सांगता येणार नाही. पण तुम्ही दिलेल्या वर्णनावरून, असू शकतं.”

म्हणजे ज्याबद्दल मी कृतज्ञ होतो ते कदाचित नाटक होतं, आणि ज्याचा मला राग होता ते हसणं मात्र शंभर टक्के खरं होतं.

*

आपण गंभीर चेहऱ्याला काळजी समजतो. सुतकात कोण किती रडलं याची नोंद ठेवणारा आपला समाज आहे. पण गांभीर्य आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा एक फार चांगला दाखला ॲम्ब्युलन्सच्याच इतिहासात आहे.

1960 च्या दशकापर्यंत अमेरिकेत अनेक गावांत पेशंटला हॉस्पिटलात न्यायचं काम अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपन्या करत. कारण साधं : आडवं माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची. काळी, पॉलिश केलेली, अत्यंत अदबशीर शववाहिनी. गांभीर्याची काही कमी नव्हती. कमी होती ती वाटेत पेशंटसाठी काही करू शकणाऱ्या हातांची. 1967 मध्ये पिट्सबर्ग शहरात ‘फ्रीडम हाउस’ नावाची सेवा सुरू झाली. हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतल्या, ज्यांना बाकी जग कामाला ठेवायला तयार नव्हतं अशा कृष्णवर्णीय तरुणांना पीटर सफार या डॉक्टरांनी शिकवलं. तोंडानं श्वास देण्याची पद्धत रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा, तेच हे सफार. आजच्या पॅरामेडिकची पायवाट या पोरांनी पाडली. त्यांच्या चेहऱ्यावर शववाहिनीइतकं गांभीर्य होतं की नव्हतं, हे कुणी विचारत नाही. त्यांच्या हातात काय होतं, एवढंच महत्त्वाचं.

आपल्याकडची 108 सेवा महाराष्ट्रात 2014 च्या जानेवारीत सुरू झाली, 937 गाड्यांनिशी. त्यातल्या 233 प्रगत जीवरक्षक, बाकीच्या प्राथमिक. फोन राज्यात कुठूनही करा, तो पुण्याच्या नियंत्रण कक्षात जातो. इतर अनेक राज्यांत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर असतो. तो बहुतेक वेळा आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचा पदवीधर. या डॉक्टरांवर दोन्ही बाजूंनी विनोद होतात. एमबीबीएसवाले म्हणतात, ‘काढा देता का हो गाडीत?’ आणि पेशंटचे नातेवाईक विचारतात, ‘खरे डॉक्टर कधी येणार?’ मॅडमनी याचं उत्तर तयार ठेवलंय : “खरे डॉक्टर एसीत बसलेत. तुम्ही तिथवर जिवंत पोचावं म्हणून मला पाठवलंय.”

दादांचे विनोद बहुतेक रस्त्यावरचे. “शववाहिनीवाल्यात आणि माझ्यात एवढाच फरक, की त्याला घाई नसते. वाट दोघांनाही कुणी देत नाही.” ॲम्ब्युलन्सची वाट अडवली तर 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीनुसार दहा हजार रुपये दंड आहे. दादा म्हणतात, “हे मी भोंग्यावर ओरडून सांगितलं, तरी पुढचा म्हणेल, हप्त्यानं चालेल का?”

*

फ्रॉइडनं 1927 मध्ये विनोदावर एक छोटा निबंध लिहिला. त्याच्या मते विनोद म्हणजे ‘मी’नं दुखावलं जायला दिलेला नकार. जग मोडायला निघालंय आणि मी मोडायला तयार नाही. म्हणूनच फाशीच्या तख्तावरचा विनोद आपल्याला उंच वाटतो.

पण इथं एक अडचण आहे. तख्तावरचा विनोद फाशी जाणाऱ्यानं करायचा असतो. हात मशीनमध्ये गेलेला कामगार हसला तर ते धैर्य. शेजारी उभा राहून दुसराच हसला तर? मोडणारा हात त्याचा नसतो ना. आप्पा खोकला आला की म्हणायचे, “अर्धा मी, अर्धं गंधक.” ते त्यांनी म्हणायचं. त्या ड्रायव्हरनं नाही.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं : विनोदानं त्यांचा ताण हलका होतो, नाहीतर ही माणसं वेडी होतील. हे खरं असेलही. पण मला ते उत्तर संशयास्पद वाटतं. ते सोयीचं आहे, आणि त्यांच्यापेक्षा इतरांच्या जास्त सोयीचं. विनोद हेच औषध म्हटलं की मग पुरेशी विश्रांती, वाईट कॉलनंतर तासभर सुट्टी, बोलायला समुपदेशक, ठेक्याऐवजी कायमची नोकरी यातलं काहीच द्यायला नको. फुकटचं औषध ती माणसं स्वतःच घेतायत! आमच्या क्षेत्रातही तेच. रात्री तीनला उठवलेल्या पोराचं मीम ग्रुपवर गाजतं आणि ऑन-कॉलचा रोस्टर तसाच राहतो. त्यामुळे ‘बिचारे हसून ताण घालवतात’ म्हणून मान डोलवणं हे मला त्यांच्यावर रागावण्याइतकंच सोपं आणि आळशी वाटतं.

मग विनोद कुठे चुकतो? याचं उत्तर मला मॅडमनी दिलं. तेही न विचारता.

“एका कंपनीच्या गेटवर कॉल होता,” त्या म्हणाल्या. “सोमवार सकाळ. माणूस पडलेला, घामाघूम, जीभ जड, हातवारे करतोय. सिक्युरिटीवाला म्हणाला, रोजचाच आहे, पिऊन आलाय. तेव्हाचा माझा पायलट म्हणाला, मॅडम, पेशंट नंतर उचलू, आधी बाटली शोधू. मी हसले. सगळेच हसले. आणि मग माझे हातसुद्धा पेताड माणसाला लावतात तसेच लागायला लागले. सावकाश, थोडे तुसडे. दहा मिनिटांनी मी बोटाला सुई टोचली. साखर तीसच्या घरात. दारूचा थेंब नव्हता पोटात. डायबेटिसचा पेशंट, इंजेक्शन घेऊन उपाशी ड्युटीवर आलेला.”

साखर खूप खाली गेली की माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा वागतो. डोक्याला मार लागलेलाही तसाच वागतो. आणि खरोखर प्यायलेल्याला मार लागला तर तो मार दारूच्या वासाखाली झाकला जातो. या क्षेत्रातली ही सगळ्यात जुनी फसगत आहे.

“शिरेतून ग्लुकोज दिलं, शुद्धीवर आला, पहिलं वाक्य काय तर, ‘माझा पंच लागला का?’” मॅडम हसल्या. मग थांबल्या. “तो वाचला म्हणून हसतेय. ती दहा मिनिटं माझी होती.”

“मग तुम्ही असे विनोद बंद केलेत?”

“छे! पण आता आधी सुई, मग हसू.”

मला वाटतं, सगळी मेख इथं आहे. विनोद कुणावर आहे, किती काळा आहे, कुणाला ऐकू आला, हे प्रश्न निरर्थक नाहीत. दुखावलेल्या माणसाच्या कानावर तो पडू नये, एवढी काळजी घ्यायलाच हवी. पण ती शिष्टाचाराची बाब झाली. नीतीचा प्रश्न सुरू होतो तो विनोद तोंडातून हातात उतरतो तेव्हा. ‘हा रोजचाच’, ‘ही नाटकी’, ‘हे भैये असेच’ असं म्हणता म्हणता हात सावकाश होतात. तो विनोद गंभीर चेहऱ्यानं केला तरी वाईटच. उलट, शिव्या देणाऱ्या पेशंटचा विनोद बघा. त्यात एक अख्खा धडा आहे. जो ओरडतोय त्याची श्वासनलिका मोकळी आहे. म्हणून एका वेळी दहा जखमी असतील, तर आधी गप्प पडलेल्याकडे धावायचं. दादांचा विनोद हातांना जागं ठेवतो, गेटवरचा विनोद हातांना झोपवतो. दोन्हीवर मी सारखाच हसलो असतो, हा भाग वेगळा.

*

हे सगळं सुचल्यावर मी शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. पण दिवाळीत काकूंकडे गेलो तेव्हा विषय निघाला. मी चाचरत म्हणालो, “काकू, त्या दिवशी तो माणूस इतका वेळ छाती दाबत होता ना... कदाचित आप्पा आधीच...”

“मला माहीत होतं,” काकू म्हणाल्या. त्या करंज्यांना मुरड घालत होत्या आणि हात थांबले नाहीत. “मी पाय धरले होते ना त्यांचे. गार होते.”

“मग तुम्ही थांबवलं का नाही?”

“मला ‘थांबा’ म्हणता येत नव्हतं रे. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. म्हणून तो करत राहिला बिचारा. घाम गळत होता त्याचा.”

मग मी हसण्याचंही सांगितलं. चार वर्षं जपलेलं. काकूंनी क्षणभर विचार केला.

“एवढं दमल्यावर माणूस रडतो नाहीतर हसतो,” त्या म्हणाल्या. “पण तू ऐकलंस ते वाईट झालं. दार लावून घ्यायला हवं होतं त्यांनी.”

माझ्या चार वर्षांच्या तत्त्वज्ञानाचा निकाल काकूंनी दोन वाक्यांत लावला. हसण्याबद्दल माफी आणि दाराबद्दल तक्रार. मला त्यात बदलण्यासारखं काही सापडलेलं नाही. एवढंच वाढवीन, की ते दार लावायला त्यांना पाच मिनिटं मोकळी मिळायला हवीत, आणि ती त्यांना कुणीतरी द्यायला हवीत.

परवा टपरीवर दादांना हे सांगत होतो. अर्ध्यातच त्यांचा फोन वाजला. मॅडम कप ठेवून गाडीकडे निघाल्या. दादांनी जाता जाता टपरीवाल्याला सांगितलं, “चहा झाकून ठेव.” आणि मला म्हणाले, “प्रार्थना करा इंजिनीअरसाहेब, शिव्या देणारा निघू दे.”

मी केली.